अनातोलियाच्या काठानं : कायाकोय ते इम्ब्रोस

सोमवार, कायाकोय

तुर्कस्तानातल्या फेथियेच्या बाजारातून दोल्मुश मिळाली. दोल्मुश म्हणजे इकडची वडाप. माणसं भरली की निघते. पाइनच्या जंगलातून घाट चढून गाडी पलीकडच्या सपाट खोऱ्यात उतरली आणि समोरचा अख्खा डोंगर दगडी घरांनी भरलेला दिसला. एकाही घरावर छप्पर नाही. पाचशेच्या आसपास घरं असतील.

कायाकोय म्हणजेच ग्रीकांचं लिविसी. उतारावर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहायचे, खालच्या खोऱ्यात मुसलमान शेतकरी. गाव वसवणाऱ्यांनी कसदार जमीन शेतीला ठेवली आणि घरं खडकावर बांधली, तीही अशी की कोणाच्या घरानं दुसऱ्याचा उजेड अडू नये. मी मुद्दाम बऱ्याच घरांच्या खिडक्यांशी उभी राहून पाहिलं. जवळजवळ प्रत्येकीतून खोरं दिसतं.

एका घरात बराच वेळ बसले. खाली कोठारासारखी अंधारी जागा, वर राहायची खोली. वरची जमीन कोसळलेली, त्यामुळे वरच्या खोलीतली शेकोटी भिंतीला अधांतरी चिकटून राहिली आहे; धुराड्याच्या आत काजळी अजून काळीभोर आहे. बाजूला दोन कोनाडे. गिलाव्यावर चुन्यात नीळ घालून दिलेला हात, तो पावसाच्या माऱ्याला आडोसा असलेल्या कोपऱ्यात अजून ताजा वाटतो. दाराशी पावसाचं पाणी साठवायचं टाकं. खोलीच्या मधोमध अंजिराचं झाड उभं आहे, चांगलं पुरुषभर उंच. तुळया, दारं, खिडक्यांच्या चौकटी लोकांनी गरजेपोटी काढून नेल्या, आणि १९५७च्या भूकंपानं उरलेल्यातलं बरंच पाडलं.

मंगळवार, कायाकोय

आज खालच्या चर्चचं अंगण पाहिलं. काळे-पांढरे गोटे उभे रोवून केलेली नक्षी आहे. गुडघ्यांवर बसून हात फिरवला तर गोटे गुळगुळीत लागतात, मधला चुना खरखरीत.

इतकं मन लावून अंगण करणारी माणसं गाव सोडून का गेली, हे इथं येणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. मे १९१९मध्ये ग्रीक सैन्य इझमीरला उतरलं. पुढच्या तीन वर्षांच्या युद्धात दोन्ही बाजूंनी गावं जाळली, निरपराध माणसं मारली. सप्टेंबर १९२२मध्ये ग्रीक सैन्य हरून परतलं, इझमीर जळालं, आणि किनाऱ्यावरचे लाखो ख्रिस्ती मिळेल त्या बोटीनं पळाले. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. निकष होता धर्म. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ग्रीसच्या वाट्याला गेले, साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानच्या. घरी तुर्की बोलणारे ख्रिस्तीही ग्रीक ठरले आणि ग्रीक बोलणारे मुसलमानही तुर्क. पळालेल्यांना परतायचा रस्ता या करारानं कायमचा बंद केला. फेथियेला तेव्हा माक्री म्हणत. तिथल्या आणि लिविसीच्या निर्वासितांनी अथेन्सजवळ ‘नेआ माक्री’, म्हणजे नवं माक्री, वसवलं.

मराठी वाचकाला हा करार परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ लिहिताना ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरिया यांचा दाखला देऊन लोकसंख्येच्या अदलाबदलीची बाजू मांडली होती. भेदरलेले अल्पसंख्याक मागे ठेवण्यापेक्षा नियोजनपूर्वक हलवलेले बरे, असा त्यांचा रोख होता. तो मुद्दा मला मुंबईत बसून पटत असे. आज अंगणातल्या गोट्यांवर बसून तो पटवून घेणं जड गेलं.

बुधवार

दिवसभर बस. इझमीरला बदलली. रात्री उशिरा आयवालिक.

गुरुवार, आयवालिक आणि जुंदा

हे गाव रिकामं राहिलं नाही. ग्रीक गेले आणि क्रीट, लेस्बॉस, मॅसिडोनिया इथून पाठवलेले मुसलमान त्यांच्या घरांत राहायला आले. आग्योस योआनिस चर्चची आता ‘घड्याळवाली मशीद’ झाली आहे. पुलापलीकडच्या जुंदा बेटावर मोठ्या ताक्सियार्हिस चर्चमध्ये संग्रहालय आहे; डागडुजी देखणी केली आहे.

चर्चपेक्षा मला खानावळीतल्या मालकिणीचं बोलणं महत्त्वाचं वाटलं. तिची आजी क्रीटहून आली, तेव्हा तिला ग्रीकखेरीज भाषाच येत नव्हती. शेजारी क्रीटहून आलेल्यांना ‘अर्धे काफीर’ म्हणत. आजीनं मरेपर्यंत अंगाई ग्रीकमध्येच म्हटली, पण मुलांना ताकीद होती, ‘बाहेर बोलायचं नाही.’ समुद्राच्या पलीकडे, ग्रीसमध्ये, अनातोलियाहून गेलेल्यांना ‘तुर्कांचं बी’ म्हणून हिणवत. मालकिणीनं माझ्यापुढे रानातल्या पालेभाज्यांची ताटली ठेवली, ऑलिव्हचं तेल आणि लिंबू घातलेली, आणि म्हणाली, “ही आमची क्रीटची सवय. इथल्यांना वाटायचं, आम्ही गवत खातो.”

शनिवार, गोक्चेआदा (इम्ब्रोस), देरेकोय

काबातेपेहून बोटीनं आले. हे बेट या प्रवासात मी हट्टानं घेतलं, कारण इम्ब्रोस आणि शेजारचं तेनेदोस यांना लोझानच्या अदलाबदलीतून वगळलं होतं. इथल्या ग्रीकांना घर सोडावं लागणार नव्हतं. लोझानच्या शांतता तहाच्या चौदाव्या कलमात स्थानिक कारभाराचं आश्वासनही होतं.

तरीही देरेकोय रिकामं आहे. एकेकाळी बेटावरचं सर्वांत मोठं गाव. आज गल्लीमागून गल्ली पडक्या भिंती, अधूनमधून राहतं घर. आश्वासन कागदावरच राहिलं. सायप्रसचा वाद पेटल्यावर १९६४मध्ये ग्रीक शिक्षण बंद झालं, पुढे शेतजमिनी सरकारनं ताब्यात घेतल्या, बेटावर खुला तुरुंग आला. १९७०मध्ये बेटाचं नावही बदललं. माणसं इस्तंबूल, अथेन्स, ऑस्ट्रेलियाकडे गेली. कोणी हुकूम काढून घालवलं नाही. राहणं अशक्य केलं.

गावातला धुणीघाट शाबूत आहे : दगडी इमारत, भिंतीलगत ओळीनं दगडी डोण्या, त्यांत पाणी सोडायचा पाट, पाणी तापवायला चुली. एका डोणीची कड कपडे घासून घासून मधे चांगलीच झिजली आहे. तिथं उभी असताना बाबासाहेबांचा मुद्दा पुन्हा आठवला, आणि या वेळी तो इतक्या सहज बाजूला सारता आला नाही. मागे राहिलेल्यांच्या सुरक्षिततेची हमी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न या बेटानं खरा ठरवला. पण म्हणून लिविसीचं उत्तर मला मान्य करता येत नाही. ज्या राज्याला आपल्याच नागरिकांची शाळा नकोशी होते, जाब त्या राज्याला विचारायला हवा.

रविवार, झेयतिनलिकोय

ऑर्थोडॉक्स जगाचे प्रमुख धर्मगुरू बार्थोलोम्यू यांचं हे जन्मगाव. चौकात उखळात कुटलेल्या कॉफीचा घमघमाट. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी इंग्रजीत बोलता आलं, कारण त्यांचं आयुष्य मेलबर्नमध्ये गेलं. इथली ग्रीक शाळा बंद झाली तेव्हा ते तीत शिकत होते. आता ईस्टरला येतात आणि थंडी पडली की जातात. पंधरा ऑगस्टच्या मारियाच्या सणाला बेट माणसांनी फुलतं, असं अभिमानानं सांगत होते.

“आम्ही म्हातारे येऊन-जाऊन असतो, त्यानं गाव होत नाही,” ते म्हणाले. “शाळा बघून आलीस का?”

२०१३मध्ये याच गावात ग्रीक प्राथमिक शाळा पुन्हा सुरू झाली. मुलं मोजकीच होती, पण शाळा आहे म्हणून काही तरुण कुटुंबं ग्रीसहून इथं राहायला आली. रविवार असल्यानं फाटकाला कुलूप होतं. वरचे वर्ग डोंगरावरच्या तेपेकोयला भरतात; उद्या सकाळी तिकडे जाणार आहे.

(क्रमशः)