दुसऱ्याचा पेपर हाती येतो तेव्हा

बाल्टिमोर

चि. मधुरा हिस,


तुझा मेसेज वाचला. एका जर्नलने तुमच्या सरांकडे पेपर रिव्ह्यूला पाठवला, सरांनी तो तुला दिला आणि अभिप्राय त्यांच्याच नावाने जाणार. फेलो असताना असं काम मिळणं हा विश्वासच आहे, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण जर्नलला तुझं नाव कळल्याशिवाय तो पेपर उघडूही नकोस. इतकं ठामपणे सांगते, कारण अशाच एका पेपरची हकिकत मला ठाऊक आहे आणि तिचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो.

१९७८ च्या नोव्हेंबरात हेलेना वॉक्सलिख्ट-रॉडबार्ड या तरुण संशोधिकेने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनकडे पेपर पाठवला. ती इथल्याच बेथेस्डाच्या एनआयएचमध्ये जेसी रॉथ यांच्या हाताखाली होती. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या रुग्णांमध्ये तांबड्या पेशींना इन्सुलिन किती चिकटतं, हा विषय. जर्नलने पेपर येलच्या फिलिप फेलिग यांच्याकडे धाडला. त्यांनी तो आपले तरुण सहकारी विजय सोमण यांना दिला. सोमण मूळचे पुण्याचे आणि त्याच विषयावर त्यांचंही काम चालू होतं. त्यांनी पेपरची प्रत काढून ठेवली. जर्नलकडे अभिप्राय गेला तो प्रतिकूल, आणि दप्तरी रिव्ह्यूअर म्हणून नाव फेलिग यांचंच.

थोड्याच दिवसांत सोमण आणि फेलिग यांचा पेपर अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनकडे गेला. तो रिव्ह्यूला आला नेमका रॉथ यांच्याकडे आणि त्यांनी तो हेलेनाला वाचायला दिला. तिला त्यात स्वतःचीच वाक्यं सापडली. तिने संपादकांना लिहिलं, चौकशीचा आग्रह धरला. समजूत घालणारे पुष्कळ भेटले, पण तिने आग्रह सोडला नाही. अखेर १९८० च्या फेब्रुवारीत बोस्टनहून जेफ्री फ्लायर चौकशीसाठी येलला गेले, मूळ नोंदी मागितल्या आणि त्या जुळेनात. आकडे बनवल्याचं सोमण यांनी कबूल केलं. ते राजीनामा देऊन पुण्याला परतले. फेलिग यांचं कोलंबियातलं नवं पद गेलं. हेलेनाचा पेपर १९७९ मध्येच छापून आला होता, पण चौकशी पुरी होईपर्यंत ती संशोधन सोडून रुग्णसेवेकडे वळली होती. मला सगळ्यात जास्त हळहळ तिच्याबद्दल वाटते.

आपल्याकडची माणसं ही गोष्ट ऐकली की सोमण या आडनावापाशी थबकतात. मी थांबते ती दुसऱ्याच जागी. पेपर हाताखालच्या माणसाला दिला तो फेलिग यांनीही आणि रॉथ यांनीही. देण्यात पाप नाही. रॉथ यांनी दिला म्हणून तर चोरी उघडी पडली. पण फेलिग यांनी संपादकांना आधी विचारलं असतं, तर ‘हे गृहस्थ याच विषयावर काम करतात का?’ हा प्रश्न तरी निघाला असता.

असे दुसऱ्याच्या नावावर जाणारे रिव्ह्यू आजही लिहून घेतले जातात. २०१९ मध्ये ‘ईलाइफ’मध्ये आलेल्या पाहणीत जवळजवळ निम्म्या तरुण संशोधकांनी आपण वरिष्ठांच्या नावावर रिव्ह्यू लिहिल्याचं सांगितलं होतं. तू जे-१ व्हिसावर आहेस, शिफारसपत्र सरांचंच लागणार. तुझी भीती मला समजते. म्हणून तक्रारीच्या सुरात बोलू नकोस. ‘सर, मी आनंदाने लिहीन, फक्त जर्नलला माझं नाव कळवाल का?’ एवढंच विचार. बरीच जर्नल्स आता अशी नोंद घेतात. आणि पेपरचा मजकूर कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नकोस. तो गोपनीयतेचा भंग आहे, असं ‘जामा’ या जर्नलनेही बजावलं आहे.

नाव गेलं की मग मन लावून वाच. सारांश बाजूला ठेव, आधी मेथड्स आणि तक्ते. किती रुग्ण घेतले, किती शेवटपर्यंत राहिले आणि मधले कुठे गेले? ट्रायल असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर जाऊन पाहा, सुरुवातीला जे मोजायचं ठरलं होतं तेच मोजलं आहे का. नंतर बदललेलं असेल तर स्पष्ट लिही. शंका आली तर मूळ डेटाबद्दल विचारायला संकोचू नकोस. २०२० मध्ये शिकागोच्या सर्जिस्फिअर कंपनीच्या आकड्यांवरचा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा पेपर लॅन्सेटमध्ये आला, ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजार रुग्णांचा. २२ मेला छापला, ४ जूनला मागे घेतला, कारण मूळ डेटा तपासायला मिळेना.

सगळं तुलाच सापडेल असं मात्र धरू नकोस. १९९८ मध्ये बीएमजेच्या लोकांनी एका पेपरात मुद्दाम ८ चुका घालून तो रिव्ह्यूअर्सना पाठवला. सरासरी दोनच चुका पकडल्या गेल्या. संख्याशास्त्र आवाक्याबाहेरचं वाटलं तर संपादकांना तसं कळव, ते त्या विषयाचा माणूस शोधतील.

अभिप्रायातल्या लेखकांसाठीच्या भागात ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’ लिहायचं नसतं. ते संपादकांच्या खासगी रकान्यात. लेखकांना लिहिताना ‘निष्काळजी’, ‘अज्ञान’ असले शब्द टाळ. पलीकडे कुणीतरी वर्षानुवर्षं रुग्ण गोळा केलेले असतात, आणि कुणाची तरी ती पहिलीच खेप असते.

सरांशी बोललीस की कळव. पेपर कशावर आहे ते मलाही सांगू नकोस. मजकुराचा सूर कसा ठेवायचा एवढंच विचारायचं असेल, तर रविवारी दुपारनंतर फोन कर, मी घरीच आहे.

तुझी,
सुमाआत्या