गंजाचं माप

राळेगाव, जि. यवतमाळ
चैत्र वद्य पंचमी

प्रिय छोटी,


भाऊजींनी पाठवलेला शेगडीचा फोटो पाहिला. काळी काच, पाच बर्नर, ओट्यात बसवायची. फार देखणी आहे. स्वयंपाकघराच्या कामाचा खर्च तुम्ही दोघं उचलता आहात, आणि त्यातही माझ्यासाठी शोधून शोधून चांगली वस्तू काढलीत, याचं मला किती अप्रूप वाटलं ते सांगता येत नाही. तरी ती घेऊ नका, हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसले. फोनवर मापं इकडची तिकडे होतात, कागदावर ती नीट राहतात.

परवा दुपारी माळ्यावरची सगळी मोठी भांडी खाली काढली. पुरणाचा गंज, कढीचा गंज, भाजीची पितळी कढई, आंबिलीचं पातेलं. जुना पेपर अंथरून एकेक भांडं त्यावर उलटं ठेवलं आणि काठाभोवती पेन्सिल फिरवली. बुडाचं माप घेऊन उपयोग नाही, भांडी एकमेकांना भिडतात ती काठाशी. पुरणाचा गंज 14 इंच भरला, कढई कड्या सोडून 12. निम्मा गंज 7, निम्मी कढई 6, मध्ये फिरायला इंचभर फट. म्हणजे ही दोन्ही एकाच वेळी चढवायची तर एका बर्नरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 14 इंच हवेत.

ते गोल कापून पिशवीत घातले आणि काल वर्ध्याला नेऊन दुकानातल्या शेगड्यांवर मांडून पाहिले. 24 इंच रुंदीच्या चार बर्नरवाल्या शेगडीत शेजारच्या दोन बर्नरमध्ये 12 इंच, आणि पुढच्या-मागच्यात फक्त 9. गंजाचा कागद कढईच्या कागदावर चढलाच. तुम्ही पाठवली तशी पाच बर्नरचीही तिथे होती. तिच्या कोपऱ्यातल्या बर्नरवर 14 इंचांचा कागद ठेवला की मधला बर्नर पार झाकून जातो. मोजायला पाच, पण आपली मोठी भांडी बसतील तेवढेच खरे.

आणि आपल्याला मोठी भांडी लागतात, छोटी. रोज आम्ही दोघंच असतो, दोन भाकरी आणि वरण यात स्वयंपाक संपतो. कापूस वेचणीच्या दिवसांत चहाचं पातेलं तेवढं वाढतं. पण महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी याच घरात तीस-पस्तीस पानं होतात. पुरण शिजत असतं तेव्हाच कढीला उकळी आलेली असते, आंबील ढवळायची असते, सोळा भाज्यांची कढई थांबत नाही. गेल्या भादव्यात तू वडे तळत होतीस, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. पुरणाचा गंज बसेना म्हणून मी तो निम्मा बर्नरच्या बाहेर ठेवला होता. एका बाजूनं डाळ लागली, दुसऱ्या बाजूला ती कच्चीच. मागच्या बर्नरवरची आंबील ढवळायला पुढच्या जाळावरून हात नेला आणि पदराचं टोक पेटलं. चिमटीत दाबून विझवलं, कुणाला बोलले नाही. तो पदर अजून ठेवला आहे. म्हणून मागे-पुढे बर्नर असलेली शेगडी मला नकोच. सगळे एका रांगेत हवेत.

तुला सासूबाईंची चूल पाहायला मिळाली नाही. त्या स्वतः चूल घालायच्या. शेतातली काळी माती त्यांना चालत नसे, वाळली की ती तडकते. पांढरी माती आणून तिच्यात गव्हाचं कुटार आणि शेण तुडवायच्या. चूल ओली असतानाच पुरणाचा हाच गंज तिच्यावर ठेवून, जरा दाबून, अर्धा फेरा फिरवायच्या. मातीत त्याचा ठसा उमटायचा. मग तसंच वैलावर कढईनं. चूल आणि वैल यांच्यात किती अंतर ठेवायचं ते त्या गंज आणि कढई शेजारी ठेवूनच ठरवत. पऱ्हाट्यांचा जाळ चुलीत, आणि त्याची उरलेली धग वैलावरच्या वरणाला. इथून जवळ, वर्ध्याच्या मगनवाडीत, अखिल भारत ग्रामोद्योग संघानं धुराडं असलेली मगन चूल तयार केली होती. अशा धुराड्याच्या चुलीत तर भोक भांड्याच्या मापाचंच लागतं, नाहीतर धूर नळीतून जाण्याऐवजी फटीतून घरात येतो. सासूबाईंच्या चुलीचा धूर मला परत नको आहे. मला भांड्यावरून माप घ्यायची ती रीत तेवढी हवी आहे.

गॅसलाही ती लागू आहे. शेगडीवर आयएसआयची खूण असली तर ती आयएस 4246 या मानकाची असते, आणि गॅसच्या उष्णतेतली निदान 68 टक्के भांड्याला लागली पाहिजे अशी त्यात अट आहे. पण ती चाचणी बर्नरच्या ताकदीला जुळेल असं भांडं ठेवून घेतात. दोघांच्या वरणाची तपेली मोठ्या बर्नरवर ठेवली तर जाळ तिच्या बाजूनं वर निघून जातो. म्हणून एक बर्नर लहान हवाच.

तर मला पसंत पडली ती तीन बर्नरची, स्टीलची, 32 इंच रुंद. दोन्ही टोकांना मोठे बर्नर, त्यांच्यात 20 इंच, मधला लहान. रोज एकावर तवा, शेजारच्या लहानावर भाकर शेकायची जाळी. महालक्ष्म्यांना मधला बंद ठेवून दोन्ही टोकांना गंज. तिसऱ्या मोठ्या भांड्यासाठी जुन्या शेगडीऐवजी एक बर्नरची वेगळी घेऊन मागच्या पडवीत ठेवू, तिला वेगळा सिलिंडर. काच मला नको. भरलेला गंज उतरवताना हात थरथरतो आता.

ओट्यात कापून बसवायचीही नको. ग्रॅनाइटला एकदा भोक पाडलं की पुढची शेगडी त्याच मापाची शोधत फिरावं लागेल. मिस्त्री म्हणतो आधी ओटा टाकू, शेगडी मागून. मी त्याला सोमवारपर्यंत थांबवलं आहे. आत्ताचा ओटा 33 इंच, त्यावर शेगडी 5, त्यावर गंज 11, बेरीज 49. मी पाच फुटांची. पुरण घोटताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागतो, आणि ते तासभर. शेगडीपुरता ओटा 30 इंचांवर घ्यायचा, बाजूचा 33 च राहू दे. सिलिंडर त्या बाजूच्या कप्प्यात उभा राहील, शेगडीपेक्षा खालीच. कप्प्याच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. चिमणी घेणार असाल तर ती शेगडीहून अरुंद नको. 36 इंचांची बघा.

पण ओटा माझ्या एकटीच्या उंचीचा नको. माझ्यामागे महालक्ष्म्या तुझ्याकडे येतील, आणि तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच. अनवाणी उभी राहा, कोपर काटकोनात धर आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप भाऊजींकडून घेऊन इंचांत कळव. तुझ्याकडे असलेली सासूबाईंची पितळी परात किती इंचांची आहे तेही मोज. मिस्त्री सोमवारी दगड कापायला येणार आहे, त्याच्या आत कळलं पाहिजे.

तुझी,
ताई