गादीवरचा विद्यार्थी

व्यापारी घरात शिक्षणाचा विचार बहुधा पुढच्या पिढीपुरताच होतो. मुलगा सी. ए. झाला किंवा सून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आली, की घराचे शिक्षण पूर्ण झाले असे समाधान मानले जाते. गादीवर बसलेल्या पंचावन्न-साठ वर्षांच्या कर्त्या पुरुषाने पुन्हा वही-पेन्सिल हाती घ्यावी, ही कल्पना त्याला स्वतःलाच संकोचाची वाटते. परंतु पेढीतील अखेरचा शब्द ज्याचा, त्याचेच शिकणे थांबले, तर घरातील इतरांनी मिळवलेले ज्ञान उंबऱ्याच्या आत येत नाही.

सांगलीच्या हळद बाजारातील एका जुन्या पेढीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पेढीचे मालक अण्णा चाळीस वर्षे व्यापारात मुरलेले. त्यांनी मुलाला एका व्यवस्थापन संस्थेतील पाच दिवसांच्या वर्गाला हौसेने पाठवले. परत आल्यावर मुलाने येणे रकमांची मुदतवार यादी केली. एकूण येणे ८० लाख रुपये. त्यांपैकी ३० लाख नव्वद दिवसांहून जुने. अण्णांनी यादीवर नजर टाकली आणि ती बाजूला ठेवत म्हणाले, "ही माणसं तुझ्या जन्माच्या आधीपासून आपल्याकडं माल घेतात. वर्गात शिकवलेलं इथं चालत नाही." शेजारी बसलेल्या दिवाणजींनी मान डोलावली. यादी कपाटात गेली.

हंगामाच्या तोंडावर कॅश क्रेडिटमधून उचल करण्याची वेळ आली, तेव्हा बँकेचे गणित पुढे आले. नव्वद दिवसांपुढची येणी बँक जमेस धरत नव्हती आणि उरलेल्या रकमेवर २५ टक्के मार्जिन होते. अण्णांच्या मनातल्या हिशेबाने ८० लाखांवर ६० लाखांची उचल मिळायला हवी होती. प्रत्यक्षात ५० लाखांवर साडेसदतीस लाखच मिळत होते. साडेबावीस लाखांचा हा खड्डा ऐन खरेदीच्या दिवसांत पडला. माल समोर होता, भाव अनुकूल होता आणि हात आखडता घ्यावा लागला.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांनी स्वतः ती यादी मागवली. मुलगा, दिवाणजी आणि ते असे तिघे दुपारभर बसले. दोन जुनी गिऱ्हाइके इतर पेढ्यांचे पैसे वेळेवर देत होती, कारण त्या पेढ्या मागत होत्या. अण्णा भिडेखातर मागत नव्हते. उलट यादीत सर्वांत वाईट दिसणाऱ्या एका नावाबद्दल अण्णांनी मुलाला थांबवले. तो गृहस्थ पीक हाती आल्यावर वर्षातून एकदाच पैसे देतो, पण आजवर कधी चुकलेला नाही. यादी मुदत सांगते, माणूस सांगत नाही, हे मुलगा शिकला. आणि ओळख माणूस सांगते, मुदत सांगत नाही, हे अण्णा शिकले. वर्षभरात जुन्या येण्यांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम वसूल झाली आणि एकही गिऱ्हाईक तुटले नाही.

जे त्या रविवारी आपसूक घडले, ते मोठ्या उद्योगांच्या शिक्षणात विचारपूर्वक घडवले गेले आहे. कस्तुरभाई लालभाईंना १९१२ मध्ये वडिलांच्या निधनामुळे सतराव्या वर्षी कॉलेज सोडून अहमदाबादच्या रायपूर मिलच्या कामात उतरावे लागले. त्यांनी कापसाच्या खरेदीत लक्ष घातले आणि त्यासाठी प्रवास करून कापसाची पारख मिळवली. पुढे १९३१ मध्ये अरविंद मिल्सची स्थापना झाली. अनुभवाच्या शाळेत शिकलेल्या या गृहस्थाने 'आपल्याला कुठे कोणी शिकवले?' असे म्हणून शिक्षणाकडे पाठ फिरवली नाही. वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी १९४७ मध्ये 'अटिरा' ही संस्था उभी राहिली, त्यात डॉ. विक्रम साराभाईंबरोबर त्यांचा पुढाकार होता. १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, तिच्यामागेही हे दोघे होते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्यामुळे तेथे प्रत्यक्ष व्यवसायातील पेचप्रसंग समोर ठेवून चर्चा करण्याची पद्धत आली. प्रौढ माणसाला ही पद्धत मानवते, कारण तिथे त्याचा अनुभव ओझे ठरत नाही, भांडवल ठरतो.

या संस्थेने साठच्या दशकातच उद्योगांतील अधिकाऱ्यांसाठी त्रिस्तरीय कार्यक्रम आखला. मधल्या फळीतील अधिकारी, त्यांचे वरिष्ठ आणि सर्वोच्च अधिकारी अशा तिन्ही स्तरांना त्यात स्थान होते. खालच्याने नवे शिकून यावे आणि वरच्याने ते ओळखू नये, ही अडचण त्या रचनेने हेरली होती. आजही अनेक पेढ्यांत पहिला स्तर वर्गाला जातो आणि तिसरा गादीवरून हलत नाही.

पूर्वी एकदा शिकलेला व्यापार पिढीभर पुरत असे. आता तसे राहिलेले नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि पुरवठादाराने विवरणपत्र भरले की नाही, यावर खरेदीदाराची करवजावट अवलंबून राहू लागली. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्यात आणखी एक तरतूद लागू झाली. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. वर्षअखेरीस ते मुदतीबाहेर थकलेले असतील, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा होतो. उधारी हा ज्या बाजाराचा श्वास, तिथे हा बदल केवळ सी. ए.वर सोपवून भागत नाही. कोणाकडून किती मुदतीने माल घ्यायचा, हे सी. ए. ठरवत नाही, ते गादीवरच ठरते.

कर्त्या पुरुषाला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आठवड्यातून एक तास, पेढीचाच एक खरा प्रश्न आणि समोर दिवाणजी, मुलगा किंवा सून, एवढी सामग्री पुरते. प्रश्न मात्र ज्येष्ठाने विचारायचा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. ज्या घरात वडील मुलाला मोकळेपणाने "हे मला समजावून सांग" म्हणतात, तिथे मुलगाही अनुभवाची किंमत ओळखून वडिलांना विचारू लागतो. वारसा सोपवण्याचे काम त्या प्रश्नापासूनच सुरू होते.