ती, तें आणि तो

मराठी बोलणारास लिंगभेद कोणी शिकवावा लागत नाहीं. वारा तो, हवा ती आणि वादळ तें; असें कां, हें कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगतहि नाहीं. मराठी बायबलांत 'पवित्र आत्मा' वाचतांना आम्हीहि कधीं थबकलों नाहीं. आत्मा हा शब्दच पुल्लिंगी. तेव्हां तो 'तो' असावयाचाच, एवढ्यावर आमचें समाधान होतें.

पुढें प्राचीन सुरियानी ख्रिस्ती ग्रंथकारांविषयीं वाचूं लागलों आणि तें समाधान ढळलें. हिब्रूंतील 'रूआह' म्हणजे वारा, श्वास व आत्मा. हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी चालतो. सुरियानी 'रूहा'हि मुळांत स्त्रीलिंगीच. ग्रीकांत त्याच्या जागीं नपुंसकलिंगी 'प्नेउमा' आलें आणि लॅटिनांत पुल्लिंगी 'स्पिरितुस' आला. जेरूसलेमहून रोमेस पोंचेपर्यंत 'ती'चें 'तें' झालें आणि 'तें'चा 'तो' झाला!

संत जेरोम यास हें पुरतें ठाऊक होतें. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथावरील भाष्यांत, इ. स. ४१० च्या सुमारास, त्यानें हे तिन्ही शब्द शेजारीं मांडले, आणि ईश्वराच्या ठायीं लिंगभेद नाहीं, सबब कोणीं बिचकूं नये, असा निर्वाळा दिला. विचार निर्दोष आहे. परंतु लिंगभेद नाहीं असें ठरल्यावरहि उपासनेंत पिता राहिला, पुत्र राहिला. गेली ती माताच. इ. स. ४०० नंतर सुरियानी लेखकहि हळूहळू 'रूहा' पुल्लिंगी चालवूं लागले.

त्यापूर्वींचा अफ्राहात हा ग्रंथकार पारसिक साम्राज्यांत राहणारा. त्याचे प्रबंध इ. स. ३३७ ते ३४५ या काळांतले. पुरुष आईबापांस सोडून पत्नीशीं एक होतो, या उत्पत्तीच्या ग्रंथांतील वचनावर तो विचारतो, हे आईबाप कोण? आणि उत्तर देतो कीं, अविवाहित पुरुषाचा ईश्वर हा पिता व पवित्र आत्मा ही माता. लग्न केलें म्हणजे तो ह्या दोघांवरील प्रेम सोडतो.

हरवलेली माता सांपडली, या आनंदांत आम्हीं हा उतारा घरांत वाचून दाखविला. नवरात्र तोंडावर आलें होतें. आमची गृहिणी घटाचा तांब्या चिंचेनें घासीत बसली होती. हात न थांबवितां ती म्हणाली, "म्हणजे बायको आली कीं आई सुटली! मग ती बायको कोणाची लेक?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अफ्राहाताचा तो प्रबंध ब्रह्मचर्याची थोरवी गाण्यासाठीं लिहिलेला आहे; त्यांत आत्मा ही माता आहे, पण हाडामांसाची स्त्री ही त्या मातेपासून दूर नेणारी वाट आहे. हें आम्हीं वाचलें होतें, पण आम्हांस तें दिसलें नव्हतें. आणि त्यास दोष तरी कोणत्या तोंडानें द्यावा? आमच्या घरीं नऊ दिवस देवीपुढें अखंड दिवा तेवतो. त्यांत तेल घालणारी मात्र सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर पानावर बसते.

मातेस 'ती' म्हणणारी भाषा नाहींशी झाली, ही हानि आम्ही लहान मानीत नाहीं. पण तिला 'ती' म्हणणाऱ्यांनींहि त्या प्रश्नाचें उत्तर दिलेलें नाहीं. तांब्या लख्ख होऊन देव्हाऱ्याशेजारीं आला, तरी आम्ही पुस्तकाच्या त्याच पानावर होतों.