दुसरा गोलकीपर

हॉकीत अकरा जण खेळतात हे सर्वांना ठाऊक असते; बाराव्याची चौकशी कोणी करीत नाही. आणि हा बारावा गोलकीपर असेल तर त्याची कथा आणखीच निराळी. आघाडीचा खेळाडू दमला की बदली आत जातो, पुन्हा बाहेर येतो. गोलकीपर मात्र दमला असे कोणी मानतच नाही. तो जागा सोडतो ती बहुधा दुखापत झाल्यावरच!

मी आमच्या महाविद्यालयाच्या संघाचा हा दुसरा गोलकीपर. पहिला माझा जिवलग मित्र. पॅड, किकर, हेल्मेट असा संच दोघांत मिळून एकच. जालन्याच्या उन्हात त्याच्या घामाने भिजलेले पॅड मी बांधतो, तेव्हा त्याचा सराव संपलेला असतो आणि मारणाऱ्यांचे हातही थकलेले असतात. मुरमाच्या मैदानावर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. ३.६६ मीटर रुंद गोल मोकळ्या माळासारखा वाटू लागतो.

माझी शिडीही अरुंद आहे. आधी महाविद्यालय, मग मराठवाडा विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. प्रत्येक पायरीवर जागा एकच. वरच्या पायऱ्यांवरही हेच. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकांत भारताच्या सोळा जणांत गोलकीपर एकटा श्रीजेश होता. कृष्ण पाठक राखीव राहिला. खुद्द श्रीजेश २००६ साली वरिष्ठ संघात आला, तेव्हा त्याच्यापुढेही एड्रियन डिसूझा होताच. पुढे भरत छेत्री होता. तोही वर्षानुवर्षे थांबला.

आपल्या यवतमाळच्या आकाश चिकटेचे उदाहरण मला फार जवळचे वाटते. २०१७ च्या मे महिन्यात अझलन शाह स्पर्धेत श्रीजेशचा गुडघा दुखावला आणि आकाश गोलात उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ढाक्याला भारताने मलेशियाला २-१ असे हरवून आशिया चषक जिंकला. त्या संघातले दोन्ही गोलकीपर महाराष्ट्राचे होते : आकाश आणि मुंबईचा सूरज करकेरा.

ही हकीकत आठवली की अभिमानाबरोबर एक प्रश्नही मनात येतो. एकाचा गुडघा मोडला म्हणून दुसऱ्याचे दार उघडले. मग दुसऱ्याने कशाची वाट पाहावी? माझा मित्र चेंडूवर झेपावून पडतो, क्षणभर उठत नाही. सगळे त्याच्याकडे धावतात आणि सर माझ्याकडे पाहतात. त्या क्षणी मला काय वाटावे?

पुष्कळ विचार करून मी एवढ्या निष्कर्षाला आलो आहे : वाट पाहणे आणि तयार राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाट पाहणाऱ्याचे डोळे मित्राच्या पायावर असतात. तयार राहणाऱ्याचे चेंडूवर. आकाशला संधी दुखापतीने दिली असेल, पण ढाक्यातले चेंडू दुखापतीने अडवले नाहीत. ते त्याच्या सरावाने अडवले.

माझे हे शेवटचे वर्ष. विद्यापीठाच्या संघनिवडीला आम्ही दोघेही जाणार आहोत. जागा कदाचित एकच असेल. संच तर एकच आहे. आधी तो पॅड बांधील, मग मी.