पट्टे नवारीचे



जुन्या वळणाच्या सॅक सध्या पुन्हा दिसायला लागल्या आहेत. जाड कॅनव्हास, पितळी बकल, पुढे दोन पट्टे. आमच्या धाकटीला पुण्यात नोकरी लागली आणि तिला अशीच एक हवी होती. रोज लॅपटॉप आणि डबा, आणि थंडीत आमच्याबरोबर शिखरजीला. दहा वर्षं टिकेल अशी एकच. मला ते पटलं. दर पावसाळ्यानंतर नवी सॅक आणायची आणि जुनी माळ्यावर टाकायची, यात परिग्रहाशिवाय दुसरं काय साधतं?

अडचण आली ती पट्ट्यांची. कापड सुती असलं तरी या सॅकचे पट्टे, तळ, चेनचं टोक आणि नावाची चिठ्ठी बहुतेक वेळा कातड्याची असते. एका सॅकला फक्त चिठ्ठीच कातड्याची होती. "आई, एवढासा तर तुकडा आहे!" असं ती म्हणाली. मी वाद घातला नाही. म्हटलं, "सॅक तुझी, पैसे तुझे. पण बस्तीत जाताना दर वेळी ती बाहेर ठेवावी लागेल. आणि ज्या डोंगरावर आपण अनवाणी चढतो, तिथे ती पाठीवर असेल." दोन दिवस ती काही बोलली नाही. मग तिनेच शोधायला सुरुवात केली.

शोधताना शब्दांनीच जास्त फसायला होतं. 'व्हेजिटेबल टॅन्ड' वाचून मला वाटलं, वा, हे आपल्यासाठीच! पण ते कातडंच असतं, फक्त झाडाच्या सालीतल्या द्रव्याने कमावलेलं. 'बॉन्डेड लेदर' म्हणजे कातड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा. 'स्वेड' आणि 'नुबक' हेही कातडंच. नकली चामड्याची कापलेली कड नीट पाहिली तर खाली विणलेलं कापड आणि वर पातळ थर दिसतो. ते आपल्याला चालतं, पण टिकत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत दोन-चार वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. मग दुकानदार सांगतो, टिकाऊ हवं तर खरं लेदरच घ्या.

इथे मला सासूबाईंचा होल्डॉल आठवला. पूर्वी शिखरजीला जाताना पत्र्याची पेटी आणि होल्डॉल असायचा. त्याचे कातडी पट्टे काढून त्यांनी खाटेच्या नवारीचे लावून घेतले होते. आमच्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं तो वापरात होता. तेव्हा टिकण्यासाठी कातडंच लागतं असं काही नाही.

दुसरा प्रश्न मेणाचा. कॅनव्हासमध्ये पाणी शिरू नये म्हणून त्याला मेण लावतात. ते पॅराफिनचं म्हणजे खनिज तेलातलं असेल तर हरकत नाही, पण पुष्कळदा त्यात मधमाशीचं मेण असतं. मध आपण सोडलेला, मग त्याच पोळ्यातलं मेण कसं चालेल? स्वीडनच्या फ्येलरेवेन कंपनीचं ग्रीनलँड वॅक्स प्रसिद्ध आहे, त्यात दोन्ही मेणं असतात. त्यांचीच कोंकेन नावाची सॅक 1978 साली शाळकरी मुलांच्या पाठीसाठी निघाली. ती विनायलॉन नावाच्या कृत्रिम धाग्याची आहे, मेण लागत नाही, आणि साध्या कोंकेनला कातडंही नाही. 'नंबर 2' प्रकाराला मात्र आहे. साधी आम्हाला आवडली होती, पण किंमत बघून परत ठेवली.

शेवटी सांगलीत बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिवूनच घेतली. पट्टे जाड सुती नवारीचे, दुहेरी. तळाला कातड्याऐवजी कॅनव्हासचाच दुसरा थर. धागा पॉलिएस्टरचा, कारण सुती धागा ओलाव्याने कुजतो. खांद्याचा पट्टा जिथे सॅकला जोडतात तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मागून घ्या. सॅक उसवते ती तिथेच. पट्टे रुंद असू द्यात, कारण शिखरजीची वंदना चढण, परिक्रमा आणि उतार मिळून सुमारे 27 किलोमीटरची. गाळलेलं पाणी, द्रव्याचा डबा आणि पहाटेच्या थंडीसाठी शाल, एवढ्यानेही खांदे भरून येतात. कॅनव्हास नायलॉनपेक्षा जड असतो, हेही लक्षात ठेवा. आमच्या कारागिराला पुढे आणखी चार खिसे काढायचे होते. मी नको म्हटलं, खिसे असले की आपण ते भरतोच.

मेण घरीच लावलं. पॅराफिनचा ठोकळा कापडावर घासायचा आणि केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा द्यायची, म्हणजे ते आत मुरतं. कापडाचा रंग थोडा गडद होतो आणि घड्यांवर पांढुरक्या रेषा उमटतात. धाकटीला त्या रेषाच आवडल्या. अशी सॅक मशीनमध्ये धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

पहिल्या पावसात लॅपटॉप कोरडा राहिला. झाकणाची शिवण तेवढी ओलावली. दिवाळीला ती घरी येईल तेव्हा तिथे मेणाचा आणखी एक हात द्यायचा आहे.