किर्दीतली एक ओळ

आमचे मूळ गाव राळेगणसिद्धी. पाणलोटाच्या कामाने गावाचे नाव सर्वदूर गेले. पण ज्यांना जमीनच नव्हती, त्यांना पोटासाठी नगर गाठावे लागले. माझे चुलतभाऊ दादा आडते बाजारात हमाली करीत. मी बी.कॉम. होऊन त्याच पेठेत एका दुकानात कारकून लागलो.

2016 च्या पावसाळ्यातली गोष्ट. भर रस्त्यात ट्रक भरणे चालू होते. मागे गाड्यांचे हॉर्न, ड्रायव्हरची घाई. खेप वाचावी म्हणून दादांनी 50 किलोच्या दोन गोण्या एकदम पाठीवर घेतल्या. ओली फळी सरकली. कंबर गेली ती कायमचीच.

मी भरपाईचे बोलायला गेलो. मालक म्हणाले, "तो आमचा माणूस नाही. नाव दाखवा कुठे आहे ते!"

किर्द उघडली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'हमाली खर्च'. पुढे रक्कम. नाव कुणाचेच नाही. वर्षानुवर्षे मीच तसे लिहीत आलो होतो. घरी वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी नाव लिहायचं होतं." मला उत्तर सुचले नाही.

बंधू-भगिनींनो, कायदा नाही असे नाही. 1967 सालीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पुरुषाच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा सुचवली होती. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यामुळे 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालकाची व टोळीची मंडळात नोंद झाली की मजुरी मंडळामार्फत मिळते. मालकाने भरलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार अशा सोयी होतात. नोंद नसेल तर जखमी माणसाला आधी आपण कामगार होतो हेच सिद्ध करीत बसावे लागते.

आता दर रविवारी मी टोळ्यांचे नोंदणीचे अर्ज भरून देतो. दादा खाटेवर बसून कागद लावतात.

आपल्या घरी कुणी हमाली करीत असेल, तर शिकत्या मुलामुलींनी एक वही घालावी. रोजची तारीख, दुकान, गाडीचा नंबर, बरोबरच्यांची नावे लिहावीत. इजा झाली तर त्याच दिवशी लिहावे, दवाखान्याचा कागद जपावा आणि टोळीची नोंद करून घ्यावी. मालकाच्या वहीत आपले नाव नसेल, तर निदान आपल्या वहीत तरी असू द्या.